दिवा पेटला, कोड निघाला, पुढे काय?
इंजिनचा संगणक काय सांगतो आणि मिस्त्रींनी त्यातून काय घ्यावे

मोटार मेकॅनिकचा धंदा आपल्या समाजाच्या हातातला जुना धंदा आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड घ्या, पुण्याची नाना पेठ घ्या, भिवंडी-मालेगावच्या नाक्यांवरची गॅरेजे घ्या. कितीतरी घरांची रोजी पान्यावर आणि स्क्रू-ड्रायव्हरवर चालते. पूर्वी शागीर्द उस्तादाच्या हाताखाली पाच-सात वर्षे राही, इंजिनच्या आवाजावरून आणि धुराच्या रंगावरून मर्ज ओळखायला शिके, आणि मग स्वतःचे दुकान टाकी. तो हुनर आजही वाया गेलेला नाही. पण आज इंजिनावर एक संगणक बसला आहे. इंजिन बिघडले की तो डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटवतो आणि मेकॅनिकला एक कोड देतो. ज्याला तो कोड नीट वाचता येतो त्याचे दुकान चालते. ज्याला येत नाही त्याचे गिऱ्हाईक कंपनीच्या शोरूमकडे जाते.

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिन हा आमचा विषय नव्हे. पण ज्याचा माल टेम्पोवर चालतो त्याला टेम्पोचा मर्ज थोडाफार कळलाच पाहिजे, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

एका रमजानात, ईदला दहा-बारा दिवस उरले असताना, आमच्या टेम्पोचा 'चेक इंजिन' दिवा पेटला. रेडिएटरचा पंखा थांबायचे नाव घेईना. ड्रायव्हरने गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तेथे स्कॅनर लावला, कोड आला पी०११८, आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, 'इंजिन कूलंट टेंपरेचर सर्किट हाय'. 'हाय' हा शब्द वाचून मिस्त्रीने निकाल दिला की इंजिन गरम होते आहे. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, कोड पुसला. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. मग सेन्सर बदलला. दिवा पुन्हा हजर. मग 'सेन्सर डुप्लिकेट निघाला' म्हणून दुसरा बसवला. चार दिवस गाडी उभी, ताग्यांची डिलिव्हरी अडली, आणि ईदचा बाजार हातचा गेला.

शेवटी एका वयस्क उस्तादांनी सेन्सरचा कपलर काढला, त्यातल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या आणि स्कॅनरवर पाण्याचे तापमान पाहिले. आकडा उणे ४० वरून हलला नाही. ते म्हणाले, "सेन्सर को क्यों कोसते हो, भाई? वायर टूटी है." पट्टीखाली घासून तुटलेली वायर त्यांनी अर्ध्या तासात शोधली, झाळली, त्यावर स्लीव्ह चढवली. दिवा गेला तो गेलाच.

दोन्ही मिस्त्रींकडे स्कॅनर होता आणि दोघांनीही तोच कोड वाचला. फरक पडला तो कोडचा अर्थ लावण्यात. तो अर्थ कसा लावायचा, हे आज आम्ही आमच्या कारागीर बांधवांपुढे मांडणार आहोत.

संगणकाला दिसते तरी काय?

आपल्या माणसाला लूमचा दाखला लवकर पटतो. पॉवरलूमवर बाणा तुटला की वेफ्ट फोर्क खाली पडतो आणि लूम थांबतो. लूमने आपल्याला एवढेच सांगितले की बाण्याचा धागा जागेवर नाही. कांडी संपली, की सूत कच्चे होते, की धोटा खराब झाला, हे फोर्क सांगत नाही. ते विणकराने जाऊन पाहायचे. लूम थांबला म्हणून कोणी फोर्क बदलत नाही. मग कोड आला म्हणून सेन्सर का बदलावा?

इंजिनचा संगणक, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात, तोही असाच आहे. त्याला ना डोळे आहेत ना हात. त्याच्याकडे येतात त्या तारा, आणि तारांवरचे व्होल्ट. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बहुधा दोन तारांचा असतो. ईसीएम आपल्या आतल्या एका रेझिस्टन्समधून त्याला ५ व्होल्ट पाठवतो. पाणी थंड असेल तर सेन्सरचा अडथळा जास्त, म्हणून तारेवर व्होल्ट जास्त. पाणी गरम झाले की अडथळा कमी, व्होल्टही कमी. आता तार तुटली किंवा कपलर निघाला, तर करंट वाहतच नाही आणि तारेवर पुरे ५ व्होल्ट दिसतात. ईसीएमच्या हिशेबात याचा अर्थ उणे ४० अंश. मुंबईच्या उन्हात पाणी उणे ४० अंशांवर असू शकत नाही, एवढे त्याला कळते. म्हणून तो पी०११८ लिहितो, म्हणजे 'सर्किटमध्ये व्होल्ट फार जास्त'. हीच तार बॉडीला चिकटली तर व्होल्ट शून्याजवळ येतात आणि कोड पडतो पी०११७, 'सर्किटमध्ये व्होल्ट फार कमी'.

ध्यानात घ्या, 'हाय' हे व्होल्टचे वर्णन आहे, उष्णतेचे नव्हे. इंजिन खरोखर तापले तर त्याचा कोड निराळा आहे, पी०२१७. आमच्या टेम्पोचा थर्मोस्टॅट बिचारा नाहक बदलला गेला. आणि पंखा सारखा फिरत होता तो इंजिन तापले म्हणून नव्हे. तापमान कळेनासे झाले की पुष्कळ गाड्यांत ईसीएम सावधगिरी म्हणून पंखा चालूच ठेवतो.

उस्तादांची परीक्षाही आता समजेल. दोन पिना जोडल्यावर व्होल्ट शून्यावर यायला हवे आणि स्कॅनरवर तापमान एकदम चढायला हवे. तसे चढले, तर वायर आणि ईसीएम ठीक, दोष सेन्सरमध्ये. नाही चढले, तर दोष वायरमध्ये, कपलरमध्ये किंवा क्वचित ईसीएममध्ये. पाच मिनिटांचे काम आहे. मात्र हा प्रयोग फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरवर करावा. तीन तारांच्या सेन्सरवर अशी वायर जोडाल तर ५ व्होल्टची लाइनच शॉर्ट होईल.

एक अक्षर आणि चार खुणा

आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. इंग्रजीने भरलेला पडदा पाहून आपल्या मुलांच्या मनात जी धास्ती बसते ती आम्हाला ठाऊक आहे. पण कोड वाचायला इंग्रजीचे पंडित असावे लागत नाही. एक अक्षर आणि पुढे चार खुणा, एवढाच मामला आहे.

पहिले अक्षर विभाग सांगते. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, 'सी' म्हणजे चेसिस, ब्रेक वगैरे, 'बी' म्हणजे बॉडी, आणि 'यू' म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या संगणकांचे आपसातले बोलणे तुटणे. दुसऱ्या जागी ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, म्हणून त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या पुस्तकात पाहावा. 'पी' कोडमध्ये तिसरी जागा खाते सांगते. १ आणि २ म्हणजे इंधन व हवा, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर, ४ म्हणजे धुरावर ताबा ठेवणारी यंत्रणा, ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग, ६ म्हणजे खुद्द संगणक, ७ आणि ८ म्हणजे गिअरबॉक्स. शेवटच्या दोन जागा नेमका दोष दाखवतात. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, आणि पी०३०० म्हणजे मिसफायर आहे पण तो एकाच सिलिंडरचा नाही.

मोठ्या ट्रकांची रीत वेगळी आहे. त्यांत जे१९३९ नावाची पद्धत चालते आणि कोड दोन आकड्यांत येतो. पहिला आकडा, एसपीएन, कोणत्या वस्तूबद्दल तक्रार आहे ते सांगतो. दुसरा, एफएमआय, तक्रार कोणत्या जातीची आहे ते सांगतो. ११० म्हणजे इंजिनच्या पाण्याचे तापमान. ११० पुढे ० आले तर पाणी खरोखर धोक्याच्या पलीकडे तापले आहे, गाडी तत्काळ बाजूला घ्या. ११० पुढे ३ आले तर व्होल्ट जास्त आहेत, म्हणजे वायर, कपलर किंवा सेन्सर पाहा. पहिला आकडा तोच, पण एका बाबतीत इंजिन जळू शकते आणि दुसऱ्यात दोष तारेत असू शकतो. आमच्या पहिल्या मिस्त्रीची चूक नेमकी याच जागी झाली.

हा दिवा आला कोठून?

ही सारी व्यवस्था मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मलेली नाही. ती धुरावरून निघाली. अमेरिकेत लॉस एंजेलिसची हवा मोटारींच्या धुराने इतकी बिघडली की कॅलिफोर्निया राज्याने त्यासाठी वेगळे मंडळ नेमले. इंजिनवर संगणक आले तेव्हा सरकारने म्हटले की गाडीने आपला दोष आपणच सांगावा. आरंभी प्रत्येक कंपनीची भाषा निराळी होती. जनरल मोटर्सच्या १९८०च्या दशकातल्या गाड्यांत सॉकेटच्या दोन ठरावीक पिना वायरने जोडल्या की दिवा लुकलुकून कोड सांगे. एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा लुकलुकला, की कोड १२. कागद-पेन्सिल घेऊन मोजत बसावे लागे.

१९९६च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एकच भाषा आणि एकच १६ पिनांचे सॉकेट सक्तीचे झाले. यालाच ओबीडी-२ म्हणतात. युरोपने पेट्रोल गाड्यांसाठी अशी व्यवस्था २००१ मध्ये आणली. भारतात चारचाकींसाठी ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर दुचाकींनाही ही व्यवस्था आली. म्हणजे आता नाक्यावरच्या स्कूटर-मिस्त्रीचीही यातून सुटका नाही.

हे सॉकेट ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली असते. त्यातल्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा पॉझिटिव्ह असतो, ४ आणि ५ नंबरवर अर्थ, आणि नव्या गाड्यांत ६ व १४ नंबरवर संदेशांच्या तारा. स्कॅनर चालूच होत नसेल तर त्याला दोष देण्याआधी १६ आणि ४ या पिनांत मल्टीमीटरने १२ व्होल्ट येतात का ते पाहावे. बहुधा फ्यूज उडालेला सापडतो.

दिवा केव्हा पेटतो, केव्हा विझतो?

पुष्कळ गिऱ्हाइके विचारतात, "दिवा आपोआप गेला, मग दोष गेला ना?" याचे उत्तर मिस्त्रीला देता आले पाहिजे.

बहुतेक दोष एकदा दिसला की ईसीएम तो कच्च्या वहीत लिहितो. हा झाला 'पेंडिंग' कोड. दिवा अजून पेटलेला नसतो. पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला की तो पक्क्या खात्यात जातो आणि दिवा पेटतो. मग लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा विझतो, पण कोड वहीत राहतो. तो आपोआप पुसला जायला इंजिन थंडपणापासून पुरे गरम होण्याचे सुमारे ४० प्रसंग जावे लागतात. म्हणून दिवा विझलेल्या गाडीलाही स्कॅनर लावावा. दोषाची खूण तेथे सापडू शकते.

दिवा लुकलुकत असेल तर मामला गंभीर समजावा. पेट्रोल गाडीत याचा अर्थ असा की मिसफायरमुळे न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते आहे आणि तेथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून जाईल. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी लवकरात लवकर थांबवावी.

कोड पक्का होताना ईसीएम त्या क्षणाची नोंदही ठेवतो. त्याला 'फ्रीज फ्रेम' म्हणतात. तेव्हा इंजिनचे चक्कर किती, गाडीचा वेग किती, पाणी किती गरम, लोड किती, हे सारे त्यात असते. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते. म्हणून आधी नोंद वहीत उतरवा, मग पुसा. जो मिस्त्री गाडी येताच कोड पुसून पाहतो तो आपल्या हाताने साक्षीदाराला घालवून देतो.

कोडवरून पार्ट बदलू नका

काही नेहमीचे कोड घ्या. पी०१७१ म्हणजे इंजिनला हवा जास्त, पेट्रोल कमी. पुष्कळ ठिकाणी लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. पण हवेचा पाइप फाटला असेल, व्हॅक्यूमची नळी निघाली असेल, पेट्रोलचा दाब कमी असेल, तरी हाच कोड येतो. अशा वेळी सेन्सर खरे बोलत असतो आणि शिक्षा त्यालाच मिळते.

पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम अपुरे. हा पार्ट महाग. बदलण्याआधी सायलेन्सरचा पाइप कोठे गळतो का, मिसफायरचा जुना कोड आहे का, हे पाहावे. मिसफायर तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही जळेल.

डिझेल टेम्पोत पी०८७ असे तोंडी सांगितले जाते तो पी००८७ म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. कारण पंप असू शकतो, इंजेक्टरची गळती असू शकते, दाब मोजणारा सेन्सर असू शकतो, आणि नुसता तुंबलेला डिझेल फिल्टरही असू शकतो. स्वस्त गोष्ट आधी तपासावी, महाग गोष्ट नंतर. हाच सचोटीचा मार्ग आहे आणि धंद्यालाही तोच बरकत देतो.

पुसलेला कोड आणि ओले धान्य

आता एक कडू गोष्ट. जुनी गाडी विकताना काही लोक स्कॅनर लावून कोड पुसतात किंवा बॅटरीची तार काढून ठेवतात. दिवा विझतो. खरेदीदाराला गाडी दाखवतात. तो बिचारा चार दिवसांनी पेटलेला दिवा घेऊन फिरतो.

ही चलाखी लपत नाही हे ध्यानात असू द्या. कोड पुसला की ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंदही कोरी होते. स्कॅनरवर 'रेडीनेस' या खान्यात 'चाचणी अपूर्ण' असे दिसू लागते. शिवाय पुष्कळ गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर गाडी चालली हा आकडाही वाचता येतो. वापरलेला टेम्पो घेणाऱ्या व्यापाऱ्याने हे दोन खाने अवश्य पाहावेत. गाडी रोज चालत असल्याचे विकणारा सांगतो, आणि कोड पुसून जेमतेम वीस किलोमीटर झालेले असतील, तर शहाण्याने समजून घ्यावे.

बाजारातून जाताना प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओले धान्य लागले, तो प्रसंग आपल्या घराघरांत ठाऊक आहे. वर कोरडे आणि आत ओले ठेवणाऱ्याला त्यांनी काय बजावले हे आम्ही येथे सांगण्याची गरज नाही. डॅशबोर्डवर विझवलेला दिवा आणि इंजिनात राहिलेला दोष, यात आणि त्या ओल्या धान्यात आम्हाला तरी फरक दिसत नाही. तसेच, जो पार्ट खराब नव्हता तो कोडच्या नावावर बदलून त्याचे पैसे घेणे, यालाही हलाल कमाई म्हणताना जीभ अडखळते. नकळत होते ती चूक. पण शिकण्याची सोय असताना न शिकणे हीदेखील गिऱ्हाइकाशी बेइमानीच आहे.

करायचे काय?

गॅरेजवाल्या बांधवांना आमची विनंती आहे. स्कॅनर साधा असला तरी चालेल. मोबाइलवर चालणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांत मिळतो आणि इंजिनचे सर्वसामान्य कोड वाचतो. पण त्याच्या शेजारी चांगला मल्टीमीटर हवाच. स्कॅनर फक्त तक्रार वाचून दाखवतो. ती खरी की खोटी हे मल्टीमीटर सांगतो. नेहमी येणाऱ्या तीस-चाळीस कोडांचे अर्थ मराठीत किंवा उर्दूत लिहून भिंतीवर लावा. 'हाय' म्हणजे व्होल्ट जास्त, 'लो' म्हणजे व्होल्ट कमी, हे शागीर्दाला पहिल्याच दिवशी पाठ करवा. प्रत्येक गाडीचा कोड, फ्रीज फ्रेम आणि शेवटी सापडलेले कारण एका वहीत लिहा. दोन वर्षांत ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची होईल.

टेम्पोमालक व्यापाऱ्यांनी कोडचा आकडा स्वतः लिहून घ्यावा, आणि पार्ट बदलण्याआधी एकच प्रश्न विचारावा, "तपासले कसे?" या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. आमच्या उस्तादांनी अर्ध्या तासाची मजुरी सांगितली तेव्हा आम्ही कुरकुर केली नाही. चार दिवस उभ्या गाडीपुढे ती काहीच नव्हती. तपासण्याची मजुरी द्यायला आपण शिकलो नाही, तर मिस्त्री पार्ट विकूनच पोट भरणार, आणि त्यात दोष आपलाही असेल.

जमातीच्या आणि मोहल्ल्याच्या कारभाऱ्यांनीही विचार करावा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तेथे आपली मुले पाठवावीत. जी मुले आधीच गॅरेजमध्ये काम करतात त्यांच्यासाठी इशाच्या नमाजनंतर आठवड्यातून एक तास एखाद्या जाणत्या उस्तादाने वर्ग घेतला तरी पुष्कळ होईल. एक जुने वायरिंग, एक सेन्सर, एक बॅटरी आणि एक मल्टीमीटर, एवढ्या सामानात शिकवता येते.

इंजिनच्या आवाजावरून मर्ज ओळखणारे कान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या जोडीला आता एक अक्षर आणि चार खुणा वाचणारे डोळे हवेत. ते आले, तर आपल्या गॅरेजांची रोजी आपल्याच हातात राहील, इन्शाअल्लाह.